गावंडे सरांच्या गाडीला थंडी वाजते

सदाशिवराव गावंडे यांना इंजिनातलं सगळं कळतं, हे बाभुळगावात कोणाला सांगावं लागत नाही. ते स्वतःच सांगतात! एका खाजगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग त्यांनी एकोणतीस वर्षं चालवला. आज जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर गाडी बंद पडली, की हातात पाना घेऊन जो माणूस येतो तो बहुतेक वेळा गावंडे सरांचा विद्यार्थी निघतो. तो आधी सरांच्या पाया पडतो आणि मग बॉनेट उघडतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सरांचं शिकवणं काही थांबलेलं नाही. शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून ते "बुश गेलंय" असं ओरडून सांगतात, आणि बुश खरंच गेलेलं असतं.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीला डिसेंबरात थंडी वाजायला लागली.

झालं असं, की मागच्या आठवड्यात सर बायकोला, म्हणजे विमलताईंना, घेऊन सकाळी सहाला यवतमाळला निघाले. विमलताईंचा खांदा दिवाळीपासून धरलेला. जरा गार वारा लागला की हात वर जात नाही. म्हणून सरांनी मोठ्या ऐटीत गरम हवेचं बटण फिरवलं. गाडीनं जी हवा सोडली ती फ्रीजचं दार उघडल्यावर येते तशी! "थांब, इंजिन तापू दे, आता येईल गरम," असं सर म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता यवतमाळ आलं. पुढचे दोन दिवस विमलताईंची वेणी शेजारच्या दीपानं घालून दिली.

आणि त्यात येत्या गुरुवारी लग्न! विमलताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी प्रेरणा, तिचं लग्न उमरखेडला. मुहूर्त सकाळचा, म्हणजे उजाडायच्या आत निघायचं आणि तीन तास थंडीतून जायचं. रविवारी सकाळी विमलताईंचा भाऊ नागोराव चहाला आला. त्याचं गावात कृषी केंद्र आहे, आणि दारात वर्षभरापूर्वी घेतलेली मोठी गाडी आहे. ती कुठली घ्यावी, हेही त्याला सरांनीच सांगितलं होतं.

"ताई, गुरुवारी तू माह्या गाडीत चाल," नागोराव म्हणाला. "दार लावलं का वाऱ्याचं नावच नाई. तुह्या खांद्याले काईच होनार नाई."

सरांनी कप खाली ठेवला. बशीचा आवाज जरा मोठाच झाला.

"नागोराव, विमल छत्तीस वर्षं माझ्या गाडीत बसून राह्यली. आधी स्कूटरवर मागं, मग चारचाकीत डाव्या बाजूले. उमरखेडच्या मांडवापुढं ती उतरन, तर माझ्याच गाडीतून उतरन!"

"उतरन, पन गारठून उतरन ना भाऊजी."

"गाडी माझी आहे अन् इंजिन माझ्या ओळखीचं आहे. अर्ध्या तासात निदान, तासाभरात इलाज!"

विमलताईंनी दोघांकडे बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "तुमाले इज्जत हाय अन् मले खांदा हाय. बुधवारपर्यंत गाडी गरम झाली, तर मी तुमच्या संग. नाई झाली, तर नागोच्या संग. येवढंच."

आता वरवर बघता ही साधी गोष्ट. पण विमलताईंच्या माहेरी जावई पाच. एकाची जमीन, एकाचं दुकान, एक जण तर कंत्राटदार. आपले सर मास्तर, तेही नटबोल्टचे. त्या घरात सरांचा मान एकाच गोष्टीवर उभा होता. गावंडे जावयाची गाडी कधी रस्त्यात अडत नाही! त्याच जावयाची बायको साळ्याच्या गाडीतून उतरली, तर मग राहिलं काय? शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती सर कोणाला सांगत नसत. विमलताई शेजारी बसून रस्त्यातली गावं मोठ्यानं मोजत, मधे डबा उघडून चिवडा सरांच्या हातावर ठेवत, आणि "हळू चालवा" असं दर दोन मैलांनी म्हणत. त्यांच्याशिवाय तीन तास गाडी चालवायची, ही कल्पनाच सरांना करवेना.

नागोराव गेल्यावर सर कामाला लागले. किल्ली फिरवली, इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. गाडीतला तापमानाचा काटा थंडीच्या खुणेवर जो बसला होता, तो तिथंच बसून राहिला.

"काट्याचाच घोटाळा!" सरांनी जाहीर केलं. "इंजिन गरम आहे, काटा खोटं बोलून राह्यला."

"मंग हवा काहून गार येते?" विमलताईंनी ओट्यावरून विचारलं.

"तो दुसरा विषय आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी स्टिअरिंगमागचा सगळा सांगाडा उतरवला. संध्याकाळपर्यंत तो परत बसवला. काटा होता तिथंच होता, चार स्क्रू उरले, आणि ब्रेक दाबला की वायपर एकदा उजवीकडून डावीकडे जायला लागला. सरांनी उरलेले स्क्रू खिशात टाकले. काच स्वच्छ राहिलेली काही वाईट नाही, असं ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी निदान बदललं. इंजिन खरंच गार आहे, पण दोष इंजिनाचा नाही, हवेचा आहे! समोरून गार वारा घुसतो, तो रेडिएटरला थंड करतो. वारा अडवला की काम झालं. ही युक्ती काही त्यांची स्वतःची नव्हती, थंड मुलखात ट्रकवाले करतात. पण ती बाभुळगावात पहिल्यांदा आपण करतोय, या विचारानं सरांना भरतं आलं. नागोरावच्या कृषी केंद्रातून त्यांनी एक मोठं रिकामं खोकं आणलं, पट्टी लावून माप घेतलं आणि पुठ्ठा कापून रेडिएटरसमोर घट्ट बसवला. खोकं फवारणीच्या औषधाचं होतं. त्यावरची कवटी आणि दोन हाडं बरोबर जाळीच्या मधोमध आली. सर मात्र मापाच्या आनंदात होते, चित्राकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दुपारी ते एकटेच यवतमाळच्या रस्त्यानं चाचणीला निघाले. पाच किलोमीटर गेले आणि काटा हलला! सरांनी गाडी बाजूला घेऊन घरी फोन लावला.

"विमल! काटा हलला!"

"हो का? बरं झालं. येताना कोथिंबीर आना."

आणखी चार किलोमीटरनं दुसरा फोन. "विमल! बरोबर मधात आहे! हवा गरम येऊन राह्यली! शाल काढून ठेव गुरुवारची!"

विमलताईंनाही खरंच बरं वाटलं. त्यांनी लगेच उमरखेडला बहिणीला कळवून टाकलं, की आमचे हे मला गरम गाडीतून आणतायत.

पुढं एका जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. ट्रॅक्टर, मेटॅडोर, बैलगाड्या, सगळं पांढऱ्या ढिगांनी भरलेलं आणि रस्ता अर्धा अडलेला. सर त्या रांगेत सापडले. गाडी उभी, इंजिन चालू, समोर पुठ्ठा आणि डोक्यावर दुपारचं ऊन. काटा मधून निघाला आणि सावकाश वर चढायला लागला. सर कौतुकानं बघत राहिले. दोन दिवस ज्या काट्याची वाट पाहिली, तो एकदाचा चालायला शिकला होता. तो तांबड्या पट्ट्यात शिरला तेव्हा त्यांना भान आलं, पण तोवर बॉनेटच्या फटीतून पांढरे लोट बाहेर पडले होते.

कापसाच्या ढिगांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला पांढरे लोट दिसले, की त्याला एकच गोष्ट सुचते.

"आग! आग लागली! गाडी पेटली!"

"अरे, आग नाही! वाफ आहे, वाफ!" सर खाली उतरून ओरडले. "पाण्याची वाफ! सहावीच्या पुस्तकात आहे!"

सहावीचं पुस्तक कोणाला आठवत होतं! बैलगाड्या मागं सरल्या, ट्रॅक्टरवाल्यांनी उड्या टाकल्या, आणि जिनिंगच्या फाटकातून चार माणसं वाळूच्या लाल बादल्या घेऊन धावत आली. दोन बादल्या बॉनेटवर रिकाम्या झाल्या, एक सरांवर. एकानं काठीनं बॉनेट उचललं आणि आत वाकून बघितलं. समोर कवटी!

"औषध हाय आतमधी! जहर हाय! दूर सरा रे!"

जितकी माणसं धावत आली होती तितकी मागं पळाली. दहा मिनिटांत रस्ता इतका मोकळा झाला, की मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं हात हलवून सरांचे आभार मानले.

गाडी ओढून नेली उकंडानं. उकंडा म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी. बाभुळगावात चौकापाशी त्याचं गॅरेज आहे, आता केस पिकलेत, पण सर आले की अजून उभा राहतो. सरांची प्रत्येक गाडी त्याच्याच हाताखाली, यंदा मार्चात जुनी विकत घेतलेली ही गाडीसुद्धा.

मंगळवारी सकाळी सर गॅरेजात पोचले ते थेट शिकवण्याच्या आवाजातच.

"उकंडा, ऐक. पुठ्ठा लावला तर गाडी तापते. काढला तर गार पडते. याचा अर्थ काय? याचा अर्थ, रेडिएटरकडे पाणी सतत चाललंय. इंजिन गार असताना ते पाणी अडवून धरणारी झडप कोणती?"

उकंडा जमिनीकडे बघत म्हणाला, "थर्मोस्टॅट, सर."

"शाब्बास! मोठ्या लिंबाएवढी पितळी झडप. थंड असताना बंद, गरम झाली की उघडते. आपली उघडीच अडकली आहे. खोल!"

उकंडा हलला नाही.

"खोल म्हटलं ना."

"सर, चहा घेता का?"

"आधी खोल, मग चहा."

"सर, तेवढं नका खोलू. बाकी सारं इंजिन खोलतो. गिअर बॉक्स उतरून दाखवतो. पन तेवढं ऱ्हाऊ द्या."

असं कोण म्हणतं! सरांनी त्याच्या हातातून पाना घेतला आणि स्वतःच दोन बोल्ट काढले. झाकण बाजूला केलं. आत बोट घातलं, मग दोन बोटं घातली. टॉर्च मारून बघितलं. आत काहीच नव्हतं! झडप अडकली नव्हती, बिघडली नव्हती. ती मुळात नव्हतीच.

"चोरी!" सर गरजले. "माझ्या गाडीतून पार्ट चोरला!"

उकंडा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

सर तिथंच स्टुलावर बसले आणि फोन काढला. 'गावंडे सर, माजी विद्यार्थी' असा एक ग्रुप आहे, त्यात दोनशे चौदा माणसं. रोज सकाळी सर त्यावर एक तांत्रिक प्रश्न टाकतात आणि दोनशे चौदा माणसं हात जोडतात. आज सरांनी लिहिलं, "माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट कोणीतरी मला न विचारता काढला आहे. ज्याने काढला त्याने आयुष्यात पुन्हा पान्याला हात लावू नये. असले धंदे मी शिकवलेले नाहीत!"

 मग उमरखेडहून श्रावणनं भीत भीत लिहिलं, "सर, मी काढला नाही. तुमची गाडी माह्याकडे कधी आलीच नाही. आली असती तर काढला असता."

सरांना हे वाक्य नीट कळलं नाही. तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, "सर, काढायचा नसते का? मी तर सासऱ्याच्या गाडीचा बी काढला." तिसऱ्यानं लिहिलं, "माह्याकडे दोन टोपले भरून पडले हायेत." चौथ्यानं नुसते हात जोडले, तो रोजच्या सवयीनं.

आणि मग मारेगावहून नेमसिंगनं एक फोटो टाकला. नेमसिंग वर्गात मागच्या बाकावर बसायचा, पण वह्या जपून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. सत्त्याण्णव सालच्या वहीचं पान. सरांनी ते चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं.

"'प्रश्न सातवा. आपल्या भागातील उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून काय करावे? उत्तर: थर्मोस्टॅट हा थंड देशांसाठी केलेला भाग आहे. यवतमाळ जिल्ह्यात त्याचा काही उपयोग नाही. गाडी हातात आल्याबरोबर तो प्रथम काढावा. मालकास विचारत बसू नये. मालकास कळत नाही.'"

खाली लाल शाईत शेरा होता. "उत्तम! दहापैकी नऊ. अक्षर सुधारा." आणि त्याखाली सही. स. गावंडे.

सरांनी पान दोनदा मोठं करून बघितलं. सही त्यांचीच होती. 'ग'ची शेपटी तशीच होती.

"सर," उकंडा हळूच म्हणाला, "मे महिन्यात ही गाडी पह्यल्यांदा माह्याकडे आलती, ऑइल बदलायले. मी तुमाले नाई इचारलं. तुमीच सांगतलं होतं ना, मालकाले इचारत नका बसू."

एकोणतीस वर्षांत एकोणतीस वर्ग! दर वर्षी मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री उन्हात पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून सरांनी हे उत्तर घोकून घेतलं होतं. त्या उन्हात ते खरंही वाटायचं. डिसेंबर आयटीआयला पण येत असे, पण तेव्हा वेल्डिंग असायचं.

"बरं," सर म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "नवीन कुठं मिळेल?"

मिळणार कुठं? यवतमाळच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "सर, हा पार्ट इकडे कोनी मांगतच नाई. इकडे सारे काढतात, लावत कोनी नाई. नागपूरहून येईन, शुक्रवारी." सरांनी तो शुक्रवारसाठी मागवून ठेवला. पण लग्न होतं गुरुवारी.

तेव्हा उकंडानं फळीवरून चहापत्तीचा एक मोठा डबा काढला आणि सरांसमोर ठेवला. "सर, जुने हायेत. मी फेकले नाई. तुमीच म्हनले होते, काढलेला पार्ट फेकू नये, मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवावा."

डब्यात पितळी झडपा होत्या, आणि प्रत्येकीला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली. सरांचे डोळे भरून आले. आपण चूक शिकवली, पण किती व्यवस्थित शिकवली! सरांच्या गाडीत बसतील अशा मापाच्या पाच निघाल्या. दोघं त्या घेऊन घरी आले, कारण झडप तपासायची एकच रीत आहे. ती दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची आणि पाणी उकळवायचं. उकळीच्या आसपास उघडली, की झडप चांगली.

विमलताई देवळातून आल्या तेव्हा त्यांच्या दुधाच्या पातेल्यावर दोन माणसं वाकलेली होती.

"हे काय शिजवून राह्यले?"

"थर्मोस्टॅट," सर म्हणाले.

"मीठ टाकलं का?"

उकंडाला हसू आलं, पण सरांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. पहिली झडप सरांचीच होती, चिठ्ठीवर 'सर' एवढंच लिहिलेलं. ती सरांनी स्वतः पाण्यात सोडली. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा ओतलं, पुन्हा उकळलं. झडप ढिम्म. दुसरी गंजलेली निघाली. तिसरी आणि चौथी तशाच. विमलताई कपाटातून लग्नाची पैठणी काढून बघायला लागल्या. मधेच त्यांनी हात वर न्यायचा प्रयत्न केला आणि खांद्याला धरून बसल्या. सरांनी ते पाहिलं.

पाचवी पाण्यात पडली. उकळी फुटली तशी ती हळूहळू, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, उघडली. बाहेर काढली तर बंद झाली. पुन्हा सोडली, पुन्हा उघडली!

"उघडली!" सर इतक्या जोरात ओरडले, की दीपा भिंतीपलीकडून म्हणाली, "काय झालं, काका?"

मग सरांनी चिठ्ठी वाचली. 'नागोभाऊ, कृषी केंद्र. मे.'

उकंडा छताकडे बघायला लागला. "सर, दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच हाय. अन् नागोभाऊची गाडी तुमीच माह्याकडे पाठवलती. म्हनले, कंपनीत कायले नेता, माझ्या उकंडाकडे न्या."

सरांनी गॅस बंद केला. नागोराव ताठ माणूस, पण मनानं वाईट नाही. त्याची झडप आपल्या गाडीत बसवायची? पण मग त्यांनी विचार केला, की नागोरावच्या गाडीत ती तशीही नाहीच. मे महिन्यापासून नाही, आणि त्याला पत्ताही नाही. त्याच्या गाडीत गरम हवा कोणी लावतच नाही. शुक्रवारी नागपूरचा पार्ट आला, की तो मुकाट्यानं त्याच्या गाडीत बसवून द्यायचा. तीन दिवसांचा तर प्रश्न! असा विचार करून सरांनी चिठ्ठी सोडली आणि शर्टाच्या खिशात घातली.

बुधवारी संध्याकाळी काटा बरोबर मधे उभा राहिला, पुठ्ठ्याशिवाय! विमलताईंनी हवेसमोर तळहात धरला. मग खांदा पुढं केला. मग आत जाऊन चिवड्याचा डबा भरला. छत्तीस वर्षांत सरांना इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलं होतं.

गुरुवारचा प्रवास तर असा झाला की काय सांगावं! बाहेर शेतांवर धुकं, आत उबदार वारा. विमलताईंनी आर्णी मोजली, महागाव मोजलं, चिवडा दिला, बारा वेळा "हळू चालवा" म्हणाल्या, आणि मधे एकदा हात वर करून केसातला गजरा स्वतः नीट केला. ब्रेक दाबला की वायपर फिरत होता, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मांडवापुढं गाडी थांबली, तेव्हा बाकीचे चारही जावई तिथंच उभे होते. विमलताई मोठ्या डौलात उतरल्या आणि बहिणीला सगळ्यांसमक्ष म्हणाल्या, "घरात बसल्यावानी आली मी. यायनं सोता दुरुस्त केली गाडी."

अर्ध्या तासानं नागोरावची गाडी आली. मागून त्याची बायको जया उतरली, ती कानटोपी, दोन शाली आणि अंगभर काटा घेऊन.

"ताईनं फोनवर सांगतलं, गरम हवा लाव म्हनून," ती दात वाजवत म्हणाली. "यायनं लावली. बरफ निघाला आतून, बरफ!"

सरांनी ताबडतोब अक्षता हातात घेतल्या आणि नवऱ्या मुलाकडे बघायला लागले.

पाच वाजता पाठवणी झाली. ऊन उतरलं, वारा सुटला. सर गाडीकडे निघाले तर नागोराव आधीच तिथं उभा, अगदी नम्र चेहऱ्यानं. असा चेहरा सरांनी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"भाऊजी, मानलं तुमाले. माही नवी गाडी अन् बायको गारठली. तुमची जुनी अन् ताई घाम पुसत उतरली. आता तुमीच इलाज करा."

"करू की," सर म्हणाले. "शुक्रवारनंतर कधीपण आणा."

"शुक्रवार कायले? जयाले अन् ताईले घेऊन मी तुमची गाडी चालवतो. तुमी माही घ्या. तीन तास चालवा, ऐका, पाहा, बाभुळगाव येईस्तोवर सांगा काय बिघडलं ते. तुमाले काय, अर्ध्या तासात निदान!"

सरांनी विमलताईंकडे बघितलं. विमलताईंनी खांद्याकडे बघितलं. मग त्या सरांजवळ आल्या, आणि त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या चिठ्ठीचं टोक दोन बोटांनी आत सारलं. बुधवारीच शर्ट इस्त्री करताना त्यांनी ती वाचली होती.

"माही शाल घ्या," त्या म्हणाल्या. "अन् हळू चालवा."

सरांच्या पांढऱ्या गाडीत विमलताई डाव्या बाजूला बसल्या, मागं जया, आणि चालवायला नागोराव. ती गाडी पुढं निघाली. मागून सर एकटे, मोठ्या गाडीत, डोक्यावरून बायकोची शाल घेऊन. महागावपाशी फोन वाजला.

"भाऊजी!" नागोराव आनंदानं ओरडत होता. "काय गाडी हाय हो तुमची! काटा बरोब्बर मधात! ताई तर झोपली. तुमचं काय? सापडला का बिघाड?"

सरांनी समोर बघितलं. काटा थंडीच्या खुणेवर बसला होता, हवेच्या जाळीतून बोटं गारठवणारा वारा येत होता, आणि आयुष्यात प्रथमच त्यांचं निदान किल्ली फिरवायच्या आधीच शंभर टक्के अचूक होतं.

"शोधून राह्यलो," सर म्हणाले, आणि त्यांनी शाल कानांवर आणखी घट्ट ओढून घेतली.